बुडालेल्या रोजाचा हिशेब

दुखण्याचा खर्च म्हटला की आपण डॉक्टरची फी, औषधाचे पैसे आणि फार तर गाडीभाडे एवढेच धरतो. जऊळक्याहून वाशीमच्या किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या मजूर बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. सोबत गेलेल्या नवऱ्याचाही बुडतो. ह्या दोन खाड्यांची नोंद कोणत्याही केसपेपरावर होत नाही. हजेरीपट चाळण्यातच आमची उमर गेली, त्यामुळे ही न लिहिलेली रक्कम आम्हांस आधी दिसते.

कायद्याला ती दिसली १९४८ साली. कर्मचारी राज्य विम्याच्या कायद्याने आजारी कामगारास बुडालेल्या मजुरीचा काही भाग देऊ केला. पण तो कारखान्यातल्या कामगारास. शेतमजूर बाहेरच राहिला, आणि मनाचे दुखणे तर त्याहूनही बाहेर. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. १९४६ च्या भोर समितीने हिशेब केला तेव्हा साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या, म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक. ह्या खाटा होत्या त्या ज्याला लोक 'वेडा' म्हणत त्याच्यासाठी. ज्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, ज्याचा हातच कामावर चालत नाही, अशा उदास माणसासाठी कोणती व्यवस्था होती? त्याला मुकादम कामचोर म्हणे आणि घरचे आळशी म्हणत.

हे चित्र बदलण्याचा एक नेटका प्रयत्न शेजारच्या गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली 'सांगाथ' ही संस्था काढली. २००३ साली त्यांनी नैराश्यावरील उपचारांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत औषधाची गोळी उपयोगी व परवडणारी ठरली. समुपदेशन मात्र नुसत्या बनावट गोळीहून सरस ठरले नाही. हा निकाल त्यांनी झाकला नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पुढे त्यांनी पद्धतच बदलली. चोवीस दवाखाने घेतले, बारा सरकारी व बारा खासगी. अडीच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले. आरोग्यखात्याशी पूर्वी संबंध नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिने शिकवून त्यांच्याकडे रुग्णांशी बोलण्याचे, त्यांना समजावण्याचे व औषध चालू आहे की नाही हे पाहण्याचे काम सोपवले. २०१० साली निकाल आला. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यांत ह्या पद्धतीने शंभरांतले सुमारे सहासष्ट रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीने साडेबेचाळीस. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. तेथला डॉक्टर बहुधा आधीपासूनच रुग्णाला ओळखतो, घटकाभर बोलतो, म्हणून असेल.

आता हिशेबाकडे येऊ. २०१२ साली क्रिस्टीन बटॉर्फ ह्या संशोधक बाईंनी पटेलांसह ह्याच प्रयोगाचा खर्च मांडला आणि तो जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापला. दवाखान्याचा खर्च तर त्यांनी धरलाच. त्याबरोबर रुग्णाचा व घरच्यांचा उपचारापायी गेलेला वेळही पैशांत मांडला. आमचे खाडे वहीत आले ते असे! त्या मांडणीत सरकारी दवाखान्यांपुरते असे निघाले की जास्त रुग्ण बरे झाले आणि एकूण खर्च उलट कमी झाला. नुसती दवाखान्याची वही पाहणाऱ्याला नवी बाई नेमणे हा वाढीव खर्चच वाटला असता.

गोव्याचे विदर्भात चालेल काय, ही शंका रास्त होती. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत अशाच वळणाचे काम झाले. त्याचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. आरंभी नैराश्य असलेल्या शंभर जणांतील चारच जण कोणाकडे तरी उपचारासाठी जात. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. आमच्या मते हा आकडा बरे होण्याच्या आकड्याइतकाच मोलाचा, कारण खेड्यात हे दुखणे तोंडावर आणणेच आधी कठीण.

पुढे सरकारने शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात वाशीम जिल्हाही आला. घरोघर जाऊन कोण खचला आहे हे पाहण्याचे काम गावच्या आशाताईकडे गेले. गोव्यातल्या समुपदेशक स्त्रियांचा खर्च बटॉर्फबाईंच्या मांडणीत धरलेला आहे. आशाताई मात्र २००५ पासून सरकारदप्तरी स्वयंसेविका. तिला मोबदला मिळतो, पगार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तो ह्याच प्रश्नावर. रुग्णाचा बुडालेला रोज मोजणारी ही मांडणी सरकारला पटली असेल, तर त्याच वहीत आशाताईचा रोज कोणत्या पानावर लिहिणार, हे आम्ही विचारीत आहोत.