नर्डलिंगेन

नर्डलिंगेन : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील सुमारे वीस हजार वस्तीचे मध्ययुगीन शहर. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या, अंदाजे २४ किमी. व्यासाच्या रीस विवरात ते वसले आहे.

जुन्या शहराभोवतीचा तट चौदाव्या शतकापासून उभा राहिला. त्याची सु. २.७ किमी. लांबीची छपराची वाट आजही अखंड असून पाच वेशींमधून आत जाता येते. शहर पाहायचे तर आधी या वाटेने पूर्ण फेरी मारावी. एका बाजूला लाल कौलांची दाटी, दुसऱ्या बाजूला खंदकाची जागा दिसते आणि वस्तीचा गोल आकार चालता चालता उलगडतो. तटाआतल्या गल्ल्यांत लाकडी सांगाड्याची उंच घरे आहेत.

मध्यभागी सेंट जॉर्ज चर्च (बांधकाम १४२७–१५०५) आहे. ‘डॅनियल’ नावाचा त्याचा सु. ९० मी. उंच मनोरा चढल्यावर क्षितिजावर विवराची कड दिसते. मनोऱ्यावरून रात्री पहारेकरी हाळी देतो. ही प्रथा अजून चालू आहे. चर्च ज्या सुएव्हाइट दगडाचे आहे, तो त्या आघातातच घडला असून त्यात सूक्ष्म हिरे आहेत. १९६० मध्ये यूजीन शूमेकर यांनी येथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाने बनणारे कोएसाइट हे खनिज ओळखले, तेव्हा विवर ज्वालामुखीचे असल्याचा समज मागे पडला. या शहराचे खरे वेगळेपण या दगडात आहे. आघातातून बनलेल्या अशा खडकांमुळेच अपोलो–१४ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी १९७० मध्ये रीस विवरात भूशास्त्राचे प्रशिक्षण घेतले.