खारपाटाचा लाल भात आणि जमिनीचा प्रश्न

सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावर उभ्या असलेल्या मॉलमध्ये ज्वारी-नाचणीची पाकिटे 'हेल्दी' म्हणून विकली जातात. आमच्या आयाबायांनी ही भाकरी वर्षानुवर्षे खाल्ली, तेव्हा ती गरिबाची म्हणून हिणवली गेली. आता हवामान बदलले, म्हणून शाश्वत अन्नाची चर्चासत्रे भरतात. चर्चा जरूर व्हावी. पण ताटात काय आहे हे विचारणारे, ते ज्या जमिनीतून येते ती कोणाची, हे का विचारत नाहीत?

आज सीवूड्स म्हणतात तो भाग करावे-दारावे या आगरी-कोळी गावांच्या शिवाराचा. खाडीकाठी मातीचे बांध घालून, भरतीचे पाणी अडवून आणि उघाडीतून पावसाचे पाणी सोडून भात पिकवायचा, ही ठाणे-कुलाब्याच्या खारपाटाची जुनी रीत. काळा रता, भुरा रता हे तिथले खारे पाणी सोसणारे लाल तांदूळ. आज समुद्र वर सरकतो आहे म्हणून जगभर खारसहिष्णू वाण शोधले जात आहेत. ते ज्ञान या निरक्षर म्हटल्या गेलेल्या कुळांच्या हातात होते. ते जपणाऱ्यांच्या घरात मात्र भात पुरत नव्हता. पीक खळ्यावर आले की खोत आपला वाटा आधी उचलायचा.

याच अन्यायाविरुद्ध 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी संप पुकारला गेला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांनी जमीन कसायचे थांबवले. सुमारे सहा वर्षे! लाकूडफाटा विकून लोकांनी पोट भरले, पण खोतासाठी नांगर धरला नाही. आपले तरुण चवदार तळे जाणतात, चरी जाणत नाहीत. वास्तविक महाड आणि चरी एकाच कुलाबा जिल्ह्यातली. बाबासाहेब 1934 साली चरीला शेतकरी परिषदेस गेले, 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. मोर्चात अस्पृश्य नसलेले शेतकरीही होते. बाबासाहेबांना केवळ एका जातीचे पुढारी म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

महाडबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. काही जण याला शाकाहाराचा उपदेश समजतात. (हा समज कोणाच्या सोयीचा आहे, हे सांगायला नको.) तो उपदेश लाचारी सोडण्याचा होता. त्याच परिषदेत पडीक व जंगल जमिनी अस्पृश्यांना कसायला मिळाव्यात ही मागणी झाली. तुकडा नाकारायचा तर स्वतःचे शेत हवे, इतका सरळ हिशेब होता तो. 1947 च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये ते आणखी पुढे गेले: शेती हा राज्याचा उद्योग असावा, गावाने ती सामुदायिकपणे करावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये.

झाले काय? 1949 च्या कायद्याने खोती गेली. कुळांपैकी अनेकांना जमीन मिळाली, पण सामुदायिक शेती आली नाही. खारपाटाचा बांध एकट्यादुकट्याने टिकत नाही. एका ठिकाणी फुटला तर साऱ्या गावाचे शेत खारे होते. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी जाऊन पहा, भाताच्या जागी कांदळवन दिसेल. इकडे 1970 साली सिडको आली आणि शिवारेच संपादित झाली. जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. पण मोजमाप सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचे. ज्याचे नावच सातबाऱ्यावर नव्हते, त्याच्या घामाचे क्षेत्रफळ कोणी मोजायचे?

आम्ही रेशनच्या रांगेत तांदूळ-गहू घेतो, तेव्हा हा सारा इतिहास त्या पिशवीत असतो. येत्या जयंतीला वस्तीत व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळांनी एक विषय चरीचा ठेवावा, आणि करावे-दाराव्यातल्या ज्या म्हाताऱ्या आजींना रता भाताची लावणी आठवते, त्यांना मंचावर खुर्ची द्यावी.