साचेखात्यातला उजेड

कोल्हापूरच्या शाहू मिलची पायाभरणी राजर्षी शाहू महाराजांनी २७ सप्टेंबर १९०६ रोजी केली. कापडाचा हा कारखाना २००३ मध्ये बंद पडला. आवारात साचे, म्हणजे कापडाचे माग, थांबले आणि चिमणी तेवढी उभी राहिली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त तिथे त्यांच्या दुर्मीळ छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला आश्रय देणाऱ्या राजाला त्याच्याच गिरणीत पाहणे, याहून उचित मांडणी सुचणे कठीण.

कापड गिरण्यांची रचना प्रदर्शनाला मानवते, त्याचे कारण उजेडात आहे. तुटलेला धागा विणकराला चटकन दिसावा म्हणून अनेक साचेखात्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे बांधत आणि काचा उत्तरेकडे ठेवत. ऊन थेट आत येत नाही, सावल्या पडत नाहीत. चित्रालाही असाच उजेड लागतो. यंत्रांचे वजन पेलणारी जमीन जड शिल्पे सहज तोलते, आणि खांबांमधल्या मोकळ्या जागेत हवे तसे दालन पाडता येते.

अडचण ओलाव्याची. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. जुनी छायाचित्रे आणि कागद अशा हवेत बुरशी धरतात. कोल्हापूरच्या पावसात गळके छप्पर हा पहिला शत्रू, म्हणून खर्चाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. दगडी भिंतीला खिळे मारण्याऐवजी चार बोटे अंतर सोडून स्वतंत्र फळ्या उभ्या केल्या, तर चित्राला ओल लागत नाही आणि भिंतही शाबूत राहते. उंच छपराखाली लहान चित्र हरवते. फळीची उंची माणसाच्या मापाने धरली की ते पुन्हा नजरेत येते.

रंगसफेदीचा मोह मात्र आवरावा लागतो. तेलाचे डाग, जमिनीतले यंत्रांचे बोल्ट, खांबांवरचे आकडे पुसले तर कामगारांचा वावरच पुसला जातो. मुंबईत १८७५ च्या ससून डॉकवर २०१७ मध्ये कलाप्रकल्प झाला, तेव्हा तिथल्याच कोळी माणसांचे मोठाले चेहरे इमारतीवर लावले होते. बाहेर धक्क्यावर मासळीचा व्यवहार नेहमीसारखा चालू होता.