कधींच समाधान न पावणारी : कामीय जेनात्झी व त्याची विजेची मोटार

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन शेजारी तालुके. शिरूरची ओळख घोडनदीच्या कांठची बाजारपेठ व पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता यांमुळें; दौंडची ओळख भीमेच्या कांठच्या रेल्वे-जंक्शनामुळें. १८५८ सालीं पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून पुढें गेला आणि १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग खुला झाला. तेव्हांपासून या भागांतील माणसांच्या मनांत वेग म्हणजे आगगाडी, हें समीकरण पक्कें बसलें. शिरूरच्या माणसाला मात्र दौंडची गाडी गांठावयाची म्हणजे बैलगाडीचा दिवसभराचा खटाटोप करावा लागे. वास्तविक या दोन गांवांमधील सरळ रेषेंतलें अंतर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. १८९९ सालीं पॅरिसजवळच्या एका रस्त्यावर एका गृहस्थानें जो वेग गांठला, त्या वेगानें तेंच अंतर अर्ध्या तासाच्या आंत कापलें गेलें असतें. विशेष हें कीं, त्याची गाडी वाफेवर चालत नव्हती व पेट्रोलवरहि चालत नव्हती. ती विजेवर चालत होती.

या गृहस्थाचें नांव कामीय जेनात्झी. त्याचा जन्म १८६८ सालीं बेल्जममध्यें झाला. वडिलांचा धंदा रबरी मालाचा होता. मुलगा इंजिनियर झाला, आणि पॅरिस येथें विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या तयार करण्याचा उद्योग त्यानें आरंभिला. दाढी लाल व स्वभाव धाडसी, म्हणून पुढें लोकांनीं त्याला ‘लाल सैतान’ हें नांव दिलें.

त्या काळीं मोटार कशावर चालावी याचा निकाल लागलेला नव्हता. वाफ, पेट्रोल आणि वीज असे तीन पक्ष होते. वाफेच्या गाडीस पाणी व आंच लागे; पेट्रोलची गाडी धूर ओके, थरथरे व हातानें फिरवून चालू करावी लागे. विजेची गाडी तेवढी स्वच्छ, मुकाट आणि तत्पर होती. परंतु ती मंद, ती बायकांच्या फेरफटक्याची, असा समज होण्याचा धोका होता. ज्याचें सारें भांडवल विजेच्या गाडींत गुंतलेलें, त्याला हा समज परवडण्यासारखा नव्हता. नोव्हेंबर १८९८ मध्यें शांतलू येथील चढाची शर्यत जेनात्झीनें विजेच्या गाडीनेंच जिंकली.

पुढच्याच महिन्यांत, १८ डिसेंबर १८९८ रोजीं, पॅरिसच्या वायव्येस आशेर येथील सपाट व सरळ रस्त्यावर एका मोटार-नियतकालिकानें वेगाची परीक्षा ठेविली. फ्रान्सचा एक सरदार, काउंट गास्तों द शासलू-लोबा, यानें एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापून ताशीं ६३·१५ किलोमीटरांचा वेग नोंदविला. त्याचीहि गाडी विजेचीच होती. जेनात्झीनें त्याला आव्हान दिलें. १७ जानेवारी १८९९ रोजीं त्यानें ६६·६६ चा आंकडा गांठला; त्याच दिवशीं काउंटानें तो ७०·३१ वर नेला. दहा दिवसांनीं जेनात्झी ८०·३५ वर पोंचला. मार्चच्या चार तारखेस काउंटानें ९२·७८ ची नोंद केली. चार महिन्यांच्या आंत एका रस्त्यावर दोघां माणसांनीं जगाचा विक्रम चार वेळां बदलला!

आतां जेनात्झीनें केवळ वेगासाठीं म्हणून एक गाडी बनविली. ॲल्युमिनियमच्या एका हलक्या मिश्रधातूचा सांगाडा, आणि आकार पाणतीराचा, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता. मागच्या चाकांना फिरविणारीं दोन विद्युत्-यंत्रें. पोटांत शिशाच्या बॅटऱ्यांचा भार. वाऱ्याला चुकविण्यासाठीं एवढा खटाटोप करूनहि चालकाची बैठक मात्र उंचावर होती, आणि त्याचें अर्धें अंग वाऱ्यांत उघडें राही. गाडीचें नांव त्यानें ठेविलें ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधींच समाधान न पावणारी’. २९ एप्रिल १८९९ रोजीं याच गाडीनें आशेरचा किलोमीटर ३४ सेकंदांत ओलांडला. वेग ताशीं १०५·८८ किलोमीटर! आगगाड्यांनीं शंभराची मर्यादा पूर्वींच ओलांडली होती. परंतु रुळांचा आधार न घेतां रस्त्यावरून ती ओलांडणारी ही पहिली गाडी होय.

या विजयानें काय सिद्ध झालें? विजेची गाडी मंद नसते, एवढें निःसंशय सिद्ध झालें. परंतु ज्याला गाडी विकत घ्यावयाची तो एक किलोमीटराचा हिशेब करीत नाहीं. तो विचारतो कीं, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाऊन मी परत येईन काय? या प्रश्नास शिशाच्या जड बॅटऱ्यांपाशीं उत्तर नव्हतें. एकदां शक्ति संपली म्हणजे गाडी तासन् तास खिळून राही. उलट पेट्रोलचा डबा कोठल्याहि दुकानीं मिळूं लागला होता. जेनात्झीचा विक्रम तीन वर्षें टिकला. एप्रिल १९०२ मध्यें लेऑं सर्पोले यानें वाफेच्या गाडीनें नीस येथें १२०·८० चा वेग गांठला, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पेट्रोलच्या गाडीनें वाफेलाहि मागें टाकिलें.

जेनात्झी हा हट्टास पेटून बसणारा मनुष्य नव्हता. काळाची दिशा ओळखून तो स्वतःच पेट्रोलच्या गाडीकडे वळला. २ जुलै १९०३ रोजीं आयर्लंडांत गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत झाली. ब्रिटनमध्यें सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतीस कायद्याची आडकाठी असल्यामुळें त्यासाठीं खास कायदा करावा लागला होता. मर्सिडीज कंपनीनें या शर्यतीकरितां ९० अश्वशक्तीच्या गाड्या सिद्ध केल्या होत्या. परंतु ऐन जूनांत कारखान्यास आग लागून त्या भस्म झाल्या. तेव्हां विकलेल्या ६० अश्वशक्तीच्या गाड्या मालकांकडून मागून आणाव्या लागल्या. एका अमेरिकन धनिकाची अशी मागून आणलेली गाडी जेनात्झीच्या वांट्यास आली. तिच्यावर त्यानें सुमारें ५२७ किलोमीटरांचा मार्ग ६ तास ३९ मिनिटांत पुरा केला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या चालकास अकरा मिनिटांहून अधिक मागें टाकून चषक जिंकला. पुढच्या वर्षीं जर्मनींत त्याच शर्यतींत तो दुसरा आला.

त्या काळच्या शर्यतींत चालक, यांत्रिक व रस्त्याकडेचे प्रेक्षक प्राणांस मुकत. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत तर माणसें मेल्यामुळें बोर्दो येथेंच थांबवावी लागली. जेनात्झी या साऱ्यांतून वांचला. आपलें मरण मर्सिडीज गाडींत येणार, असें तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. डिसेंबर १९१३ मध्यें तो मित्रांसह आर्देनच्या अरण्यांत शिकारीस गेला होता. थट्टा करावी म्हणून झुडपाआड दडून त्यानें जनावराचा आवाज काढला. आवाज इतका हुबेहूब वठला कीं, मित्रानें गोळी झाडली. मित्रांनीं त्याला घाईघाईनें मोटारींत घालून नेलें, पण वाटेंतच रक्तस्रावानें त्याचा अंत झाला. ती मोटार मर्सिडीजच होती, असें सांगतात. वेगानें ज्याला शिवलें नाहीं त्याला एका विनोदानें नेलें, आणि ज्या मित्राच्या हातून हें घडलें त्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पनाहि करवत नाहीं.

जेनात्झीच्या हयातींतच विजेच्या गाडीचा पक्ष हरला होता. पुढें कित्येक दशकें ती गाडी म्हणजे संग्रहालयांतील नवलाची वस्तु होऊन राहिली. परंतु खटला कायमचा निकालांत निघाला नव्हता; अडलें होतें तें बॅटरीपाशीं. शिशाच्या जागीं लिथियमची हलकी बॅटरी आली आणि प्रकरण पुन्हां उभें राहिलें. शिरूर तालुक्यांतील रांजणगांव भाविकांना महागणपतीमुळें ठाऊक आहे. त्याच रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींतील मोटार-कारखान्यांत टाटांची नेक्सॉन ही विजेची गाडी तयार झाली. २०२० सालीं ती बाजारांत आली तेव्हां एकदां भरलेल्या बॅटरीवर तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरांचा होता. प्रत्यक्ष रस्त्यावर तो कमी भरतो हें खरें. तरी शिरूरहून दौंडास जाऊन परत यावयास तो पुरून उरतो. गिऱ्हाइकाच्या ज्या साध्या प्रश्नापुढें जेनात्झीचा विक्रम निरुत्तर झाला होता, त्याचें उत्तर असें एकशें एकवीस वर्षांनीं घोडनदीच्या मुलखांतून निघालें.

फ्रान्समधील कोंपिएन येथील संग्रहालयांत जेनात्झीची ती पाणतिरासारखी गाडी जपून ठेविलेली आहे. तिचें नांव तिच्या मालकाला जितकें शोभलें, तितकेंच तें तिच्या मागून आलेल्या कारागिरांनाहि लागू पडतें. ३१२ किलोमीटरांवरहि ते थांबले नाहींत.