अकिलिसी पोहिवा : शिक्षक ते पंतप्रधान

दक्षिण प्रशांत महासागरातील सुमारे एक लाख लोकवस्तीचा टोंगा हा चिमुकला देश. येथे १८७५ मध्ये राज्यघटना आली. मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळ खरी सत्ता राजा आणि सरदार घराण्यांच्याच हाती राहिली. पंतप्रधान व मंत्री राजा नेमत असे. ही व्यवस्था बदलण्यासाठी तीन दशके झगडलेला आणि अखेर पंतप्रधानपदी पोहोचलेला नेता म्हणजे अकिलिसी पोहिवा.

पोहिवा यांचा जन्म ७ एप्रिल १९४१ रोजी हाआपाई द्वीपसमूहात एका सामान्य कुटुंबात झाला. फिजीतील दक्षिण प्रशांत विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेल्या पोहिवा यांनी शिक्षकी पेशा पत्करला. रेडिओवरील एका कार्यक्रमातून सरकारी कारभारावर टीका केल्याने १९८५ मध्ये त्यांना शिक्षण खात्यातून बडतर्फ करण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९८८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान 'केलेआ' या नियतकालिकातून त्यांची लेखणी सुरूच होती. १९८७ मध्ये ते संसदेवर निवडून आले. त्या काळी सर्वसामान्य जनतेच्या वाट्याला अवघ्या नऊ जागा होत्या. तितक्याच जागा मूठभर सरदारांसाठी राखीव होत्या.

सत्ताधाऱ्यांचा रोष त्यांना वारंवार पत्करावा लागला. १९९६ मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल दोन पत्रकारांसह त्यांची तुरुंगात रवानगी झाली. ही कैद बेकायदा ठरवून न्यायालयाने त्यांना मुक्त केले. राजाच्या कथित गुप्त संपत्तीविषयीचे पत्र उजेडात आणल्यावरून २००२ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. पुढील वर्षी त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

२००५ मध्ये वेतनाच्या प्रश्नावर सरकारी कर्मचारी व शिक्षकांनी पुकारलेला संप सहा आठवडे चालला आणि सुधारणांच्या मागणीला बळ मिळाले. तथापि १६ नोव्हेंबर २००६ रोजी राजधानी नुकुआलोफात दंगल उसळली. आठ जणांचा बळी गेला आणि बाजारपेठेचा मोठा भाग भस्मसात झाला. या घटनेने चळवळीलाही गालबोट लागले.

राजे जॉर्ज तुपौ पाचवे यांनी २००८ मध्ये आपले बहुतेक अधिकार सोडण्याची तयारी दर्शविली. नव्या रचनेत २६ पैकी १७ जागा जनतेला व नऊ सरदारांना मिळाल्या. पंतप्रधान निवडण्याचा अधिकार संसदेकडे आला. २०१० च्या निवडणुकीत पोहिवा यांच्या पक्षाने १२ जागा जिंकल्या. परंतु सरदार आणि अपक्ष एकत्र आल्याने पंतप्रधानपद १४ विरुद्ध १२ मतांनी लॉर्ड तुइवाकानो यांच्याकडे गेले. ही कसर २०१४ च्या अखेरीस भरून निघाली. १५ विरुद्ध ११ मतांनी पोहिवा पंतप्रधान झाले. यापूर्वी २००६ मध्ये सरदार घराण्याबाहेरील फेलेती सेवेले पंतप्रधान झाले होते. परंतु त्यांना राजाने नेमले होते. संसदेने निवडलेले पहिले सामान्य नागरिक पोहिवाच.

सत्तेची वाट मात्र काटेरी ठरली. २०१९ च्या प्रशांत क्रीडा स्पर्धांचे यजमानपद सोडण्याचा निर्णय वादग्रस्त ठरला. रेडिओवरील टीकेपायी नोकरी गमावलेल्या या नेत्याचे सरकारी प्रसारण संस्थेशी खटके उडाले, तेव्हा माध्यम स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी त्यांनाच धारेवर धरले. ऑगस्ट २०१७ मध्ये राजे तुपौ सहावे यांनी संसद बरखास्त केली. नोव्हेंबरमधील निवडणुकीत मतदारांनी पोहिवा यांच्या पक्षाला १७ पैकी १४ जागा देऊन पूर्वीपेक्षा मोठा कौल दिला.

१२ सप्टेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे वयाच्या ७८ व्या वर्षी पंतप्रधानपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सरदारांच्या नऊ राखीव जागा आणि संसद बरखास्तीचा राजाचा अधिकार त्यांच्या हयातीत कायमच राहिला. सरकार कोणी चालवायचे, हे ठरविण्यात जनतेच्या मताला मात्र निर्णायक स्थान मिळाले, आणि त्यात या बडतर्फ शिक्षकाचा वाटा मोठा होता.