सापडलेल्या सापाची काळजी

सापडलेल्या सापाची काळजी म्हणजे घर, गोठा, विहीर किंवा शेतात आढळलेला साप वन विभागाच्या ताब्यात देईपर्यंत अथवा त्याच्या अधिवासात सोडेपर्यंत केलेली तात्पुरती व्यवस्था होय. भारतात वन्य साप पाळण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे या काळजीचा हेतू संगोपन हा नसून कमीत कमी हाताळणी करून सापाची सुटका करणे हा असतो.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सोनई हे गाव ऊस उत्पादक पट्ट्यात असून मुळा सहकारी साखर कारखाना येथे आहे. उसाच्या फडात उंदरांना अन्न व आसरा मिळतो आणि उंदरांमागे सापही येतात. ऊसतोडणीनंतर फड मोकळा झाला की साप बांध, कडब्याची गंजी, गोठा व घरांकडे वळतात. महाराष्ट्रात अशा वेळी सर्पमित्रांना बोलावण्याची पद्धत रुजली आहे. सापांविषयीच्या जनजागृतीत नीलिमकुमार खैरे यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते. पुण्याजवळील कात्रज सर्पोद्यान १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी पकडणे याचाही समावेश ‘शिकार’ या संज्ञेत होतो. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी ही शासनाची मालमत्ता असून, तो कोणाच्या ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवणे बंधनकारक आहे. नाग, घोणस, अजगर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील सापांबाबतच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमीची जिवंत नागांची प्रथाही याच कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

ओळख व धोका

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आढळतात. धामण, दिवड, तस्कर व मांडूळ हे बिनविषारी आहेत. बिनविषारी कवड्या मण्यारीसारखा, तर डुरक्या घोणस हा बिनविषारी साप घोणशीसारखा दिसतो. कवड्याच्या अंगावरील पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीत बहुधा याच्या उलट आढळते. तथापि केवळ रंगावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते. विषारी सापांची पिल्लेही जन्मापासून विषारी असतात. त्यामुळे जाणकाराने खात्री करेपर्यंत प्रत्येक साप विषारी समजून अंतर राखले जाते व तो दिसेनासा होऊ नये म्हणून दुरून लक्ष ठेवले जाते.

दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे किंवा विष चोखणे हे उपाय घातक ठरतात. मण्यारीच्या दंशाची वेदना किंवा खूण पुष्कळदा जाणवत नाही. वरील चारही सापांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष दिले जाते.

तात्पुरती व्यवस्था

प्रशिक्षित व्यक्तीने पकडलेला साप सुती पिशवीत, ती पिशवी हवेसाठी छिद्रे असलेल्या झाकणबंद डब्यात आणि डबा सावलीत, शांत जागी ठेवतात. साप स्वतःच्या शरीराचे तापमान आतून राखू शकत नाही. उन्हातील गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलेला साप थोड्याच वेळात दगावू शकतो. हाताळणी, छायाचित्रण व प्रदर्शन यांमुळे त्याच्यावरील ताण वाढतो.

अन्न व पाणी

सर्व साप मांसाहारी असून प्रौढ साप अनेक दिवस उपाशी राहू शकतो. अल्प मुक्कामात त्याला अन्न देण्याची गरज नसते. नुकतेच भक्ष्य गिळलेल्या सापाला हाताळल्यास तो ते ओकून टाकतो. दूध हे सापाचे अन्न नाही. तहानलेला साप नाइलाजाने दूध पितो. ते त्याला पचत नाही आणि बळजबरीने पाजल्यास फुप्फुसात शिरून जीवघेणे ठरू शकते. मुक्काम लांबल्यास उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवतात.

जखमी साप व अंडी

नायलॉनच्या जाळीत अडकलेला साप ओढून न काढता जाळीचे धागे कापून सोडवला जातो. जखमेवर हळद किंवा घरगुती औषधे न लावता पशुवैद्यकाचा सल्ला घेतला जातो. सापाची अंडी फिरवल्यास आतील गर्भ मरू शकतो. म्हणून ती हलवणे अपरिहार्य असल्यास वरची बाजू वरच ठेवली जाते.

मुक्तता

निरोगी साप वन विभागाच्या संमतीने, सापडलेल्या ठिकाणाजवळच्या योग्य अधिवासात सोडला जातो. दूरच्या अनोळखी जंगलात सोडलेल्या सापाला आसरा व भक्ष्य शोधणे कठीण जाते. परिसरातील अडगळ, उंदरांची बिळे व उघडे धान्य यांची व्यवस्था केल्यास साप पुन्हा घराकडे येण्याची शक्यता कमी होते.