दश्शी थोर की एक्का? गंजिफाच्या पानांचे बलाबल

#थ्रेड #इतिहास #वऱ्हाड

१/१४
हाती नव्वी आली, तर ते पान बलवान की दुर्बल? आजचा पत्ते खेळणारा क्षणात उत्तर देईल. चारशे वर्षांपूर्वीचा गंजिफा खेळणारा मात्र आधी विचारी : नव्वी कोणत्या रंगाची? कारण त्या खेळात एकच आकडा निम्म्या रंगांत मातब्बर ठरे आणि उरलेल्या निम्म्यांत कवडीमोल.

२/१४
गंजिफाचा हिंदुस्थानातील एक जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हुसेन अर्घूनकडे गंजिफाची पाने धाडली, कारण त्याला या खेळाची आवड होती. पुढे बाबराचा नातू अकबर याने या पानांच्या रचनेत स्वतःच्या पसंतीने फेरफार केले.

३/१४
ही हकिकत अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवली. तिथे वर्णन केलेल्या जुन्या खेळात १२ रंग, प्रत्येक रंगात १२ पाने, एकूण १४४. रंगांची नावे पाहावीत : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती... ज्याचे बळ ज्यात, त्यावरून त्याचे नाव. घोडदळाचा धनी, हत्तींचा धनी, पायदळाचा धनी, गडाचा धनी.

४/१४
याच ग्रंथात वऱ्हाडाचाही अध्याय आहे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे आला आणि त्याचा सुभा झाला. राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. अकोल्याकडचा नरनाळा बळकट गड म्हणून नोंदला गेला. अमरावतीकडच्या गाविलगडाला तर जवळजवळ अजोड ठरवले गेले. पानांचे बळ मोजणाऱ्या लेखणीनेच गडांचेही बळ मोजले.

५/१४
पानांचे मोजमाप असे : प्रत्येक रंगात सर्वांत वर राजा, त्याखाली वजीर, मग १० आकडी पाने. निम्म्या रंगांत वजिरानंतर दश्शी, नव्वी असे उतरत शेवटी एक्का. उरलेल्या निम्म्यांत वजिरानंतर एक्का, दुर्री असे जात तळाला दश्शी. पहिले रंग 'बेशबर', दुसरे 'कमबर'. बेश म्हणजे अधिक, कम म्हणजे उणे.

६/१४
महाराष्ट्रात या खेळाला सावंतवाडीत वेगळे रूप लाभले : दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० अवतार म्हणजे १० रंग, १२० गोल पाने. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, वर रंगकाम, मग लाखेची झिलई. वजिराच्या जागी प्रधान आला. पण ५ रंग सुलटे आणि ५ उलटे हा नियम कायम राहिला.

७/१४
आता नव्वीकडे परतू. सुलट्या रंगात तिच्यावर राजा, प्रधान आणि दश्शी ही तीनच पाने. १२ पानांत ती चौथी. उलट्या रंगात तीच नव्वी अकराव्या क्रमांकावर. तिच्याखाली एकटी दश्शी. पानावर चिन्हे मोजून नऊच. बदलतो तो केवळ रंग, आणि त्याबरोबर पानाची सारी पत.

८/१४
याचा परिणाम मोठा होता. सर्वत्र थोरला आकडाच थोर असता, तर पाने हाती येताच कोणाचे नशीब फळफळले हे उघड झाले असते. उलटसुलट क्रमामुळे हातातील प्रत्येक पानाचा वेगळा विचार करावा लागे. तिघांत पाने वाटली तर प्रत्येकाकडे ४०. नुसती ती लावून घेणे हीच एक परीक्षा.

९/१४
शिवाय बळ स्थिर नसे. राजा, प्रधान आणि दश्शी खेळून गेली की सुलट्या रंगातली नव्वी 'हुकमी' होई. तिला मारणारे पान उरत नसे. म्हणजे कोणते पान भारी, हे कोणती पाने गेली यावर अवलंबून. स्मरण सुटले की हाती हुकमी पान असूनही खेळाडू ते वाया घालवी.

१०/१४
ही उलटी चाल एकट्या हिंदुस्थानची नव्हे. युरोपातील टॅरोच्या जुन्या खेळांत तलवार आणि दंड या रंगांत दश्शी वरची, तर प्याले आणि नाणी या रंगांत एक्का वरचा. महाराष्ट्रात आजही खेळल्या जाणाऱ्या तीनशेचारमध्ये गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १० आणि बलाढ्य वाटणारा राजा अवघ्या ३ गुणांचा, राणी २. बेरीज ७६, चार रंगांची ३०४.

११/१४
१९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ आला. त्यात खेळाडू आपली गड्डी स्वतः निवडून रचतो. तिथेही अनुभवी खेळाडू एकटे पान पाहून निकाल देत नाही. सोबत कोणती पाने आहेत आणि समोर कोणती येतील, हे तो आधी तोलतो.

१२/१४
गाविलगडाचे काय झाले? २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगडही घेतला. दक्षिणेकडून तो उभ्या कड्यांचा. उत्तरेकडून मात्र पठाराला जोडलेला. तोफा उत्तरेकडून आल्या. अजोड गडाचा रंग उलटा निघाला.

१३/१४
गंजिफालाही असाच डाव उलटला. छापील ५२ पानांचा स्वस्त जोड घरोघरी पोचला आणि हाताने रंगवलेली १२० पाने मागे पडली. विसाव्या शतकात सावंतवाडीच्या राजघराण्याने चिताऱ्यांच्या कलेला पुन्हा आश्रय दिला. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले.

१४/१४
मानांकन पाने घडवण्याच्या कलेचे रक्षण करते. खेळण्याची विद्या त्याच्या कक्षेत येत नाही. आज ही पाने चौकटीत बसून भिंतीवर शोभतात. तिथे दश्शी आणि एक्का सारखेच सुंदर, आणि सारखेच निर्बळ. पानाला बळ रंगाने येत नाही, लाखेनेही नाही. चार जाणत्यांनी मांडलेल्या डावाने येते. तो डाव पुन्हा मांडला गेला, तरच 'हुकमी' हा शब्द आपल्या घरी परतेल.